किशोरवय : नैतिक पेच आणि पूर्वग्रह

डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात, सुखीढांग येथील शासकीय शाळेत, मध्यान्ह भोजन शिजविण्यासाठी अनुसूचित जातीतील एका महिलेची 'भोजनमाता' म्हणून नेमणूक झाली. सहावी ते आठवीच्या वर्गांतील सवर्ण कुटुंबांच्या मुलांनी तिच्या हातचे अन्न घेणे थांबविले. काही मुले घरून डबा आणू लागली. पालकांनी नेमणुकीच्या प्रक्रियेवर आक्षेप घेतला आणि प्रशासनाने नेमणूक नियमबाह्य ठरवून ती रद्द केली. स्वयंपाकाचे काम सवर्ण महिलेकडे जाताच अनुसूचित जातींच्या मुलांनीही तिने रांधलेले अन्न नाकारले. प्रकरण देशभर गाजल्यानंतर पहिल्या भोजनमातेला पुन्हा कामावर घेण्यात आले.

या घटनेची चर्चा त्या वेळी प्रामुख्याने प्रशासन, पालक आणि कायदा यांच्या अंगाने झाली. परंतु तिच्या केंद्रस्थानी होती ती साधारणपणे ११ ते १४ वर्षे वयाची मुले. शेजारच्या बाकावरचा मित्र जेथे जेवतो तेथे आपण जेवायचे की नाही, हा निर्णय त्यांना रोज दुपारी घ्यावा लागत होता. घरातून मिळालेली आज्ञा एकीकडे आणि शाळेत शिकविली जाणारी समता दुसरीकडे, अशा कात्रीत सापडलेल्या मुलाचा पेच हा नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील कोणत्याही काल्पनिक उदाहरणाइतकाच अवघड आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १० ते १९ या वयोगटातील व्यक्तींची संख्या सुमारे २५ कोटी ३० लक्ष, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या पंचमांशाहून अधिक होती. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून नागरी सेवा मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका अंतर्भूत केली. तीमधील 'वृत्ती' आणि 'मूल्यसंस्कारांत कुटुंब, समाज व शिक्षणसंस्था यांची भूमिका' हे घटक अभ्यासताना विद्यार्थ्यांनी या वयोगटाकडे बारकाईने पाहणे उपयुक्त ठरते.

पेच कशाला म्हणावे?

प्रथम एक भेद स्पष्ट असावा. योग्य काय हे कळते, परंतु मोह आवरत नाही, अशा स्थितीला नैतिक पेच म्हणता येत नाही. ती प्रलोभनाची कसोटी होय. दोन्ही बाजूंना काहीतरी खरे कर्तव्य उभे असते आणि एकाचे पालन केले असता दुसऱ्याचा भंग होतो, तेव्हा पेच निर्माण होतो. मित्राने परीक्षेत नक्कल केल्याचे पाहिलेला विद्यार्थी पेचात असतो, कारण मैत्रीतील निष्ठा आणि इतर परीक्षार्थींना मिळावयाचा न्याय या दोहोंनाही मूल्य आहे. स्वतः नक्कल करावी की नाही, या प्रश्नात मात्र सहसा पेच नसतो. उत्तरपत्रिकांत या दोहोंची गल्लत वारंवार आढळते.

तसाच भेद साचेबंद प्रतिमा, पूर्वग्रह आणि भेदभाव या तीन संज्ञांमध्ये आहे. एखाद्या समूहाविषयीची ठोकळेबाज समजूत ही प्रतिमा, त्या समजुतीला चिकटलेली नावड वा तुच्छता हा पूर्वग्रह, आणि त्यातून घडणारी कृती हा भेदभाव. वृत्तीचे बोधात्मक, भावनात्मक आणि वर्तनात्मक हे जे तीन घटक मानसशास्त्रात सांगितले जातात, त्यांच्याशी या संज्ञा ढोबळमानाने जुळतात. कायदा तिसऱ्यावर उपाय करू शकतो. संविधानाचे अनुच्छेद १५ व १७, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम हे सर्व कृतीला लागू होतात. मनातील नावड त्यांच्या कक्षेत येत नाही. ती कोठे व कशी रुजते, हे पाहण्यासाठी घर आणि शाळा यांच्याकडेच वळावे लागते.

राजकोटमधील एक मुलगा

महात्मा गांधींनी १९२१ मध्ये अहमदाबाद येथील एका परिषदेत आपल्या बालपणीची आठवण सांगितली होती. वय जेमतेम बारा वर्षांचे असताना त्यांच्या घरी उका नावाचा सफाई कामगार येत असे. त्याला चुकून स्पर्श झाल्यास शुद्धीसाठी स्नान करण्यास सांगितले जाई. मोहनदास आज्ञा पाळी, परंतु हसत हसत विरोधही नोंदवी आणि धर्मात अशा स्पर्शबंदीला आधार नाही असा युक्तिवाद आईवडिलांशी करी. शाळेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना शिवून आल्याचे तो घरी लपवीत नसे. तेव्हा शुद्धीचा जवळचा मार्ग म्हणून वाटेने जाणाऱ्या एखाद्या मुसलमानाला शिवून घे, असे आई सुचवी.

ही आठवण दोन कारणांसाठी मोलाची आहे. पहिले कारण, एका पूर्वग्रहाचे निवारण दुसऱ्या पूर्वग्रहाने करण्याची ती घरगुती युक्ती. आई प्रेमळ व श्रद्धाळू होती, कोणाचे वाईट चिंतणारी नव्हती. तरीही दोन समूहांविषयीची अढी एकाच वाक्यातून मुलापर्यंत पोहोचत होती. पूर्वग्रह बहुतांश वेळा द्वेषाच्या भाषेत शिकविला जात नाही. तो काळजीच्या, शिस्तीच्या आणि 'आपल्याकडे असे चालत नाही' या भाषेत येतो. दुसरे कारण, मुलाने काढलेली वाट. त्याने बंड केले नाही आणि मौनही पत्करले नाही. आज्ञा पाळून असहमती उघड ठेवली. बारा वर्षांच्या, घरावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या मुलाला याहून अधिक शक्य होते काय, हा वादाचा प्रश्न आहे आणि तो विद्यार्थ्यांनी जरूर वादासाठी घ्यावा.

गांधींच्याच आत्मकथेतील दुसरा प्रसंग अधिक परिचित आहे. शाळा तपासनीसांनी लिहावयास दिलेल्या इंग्रजी शब्दांपैकी 'केटल' हा शब्द मोहनदासने चुकविला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावून शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरविण्यास सुचविले. त्याच्या ते लक्षात आले नाही. शिक्षकांचा हेतू नक्कल रोखण्याचा नसून करविण्याचा असू शकतो, हेच त्याला सुचेना. अधिकारी व्यक्तीच नियम मोडावयास सांगते तेव्हा विद्यार्थ्याने काय करावे, हा प्रश्न सामूहिक नक्कलीच्या आजच्या प्रकरणांतही उभा राहतो. महाराष्ट्राने परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ मध्येच कायदा केला. केंद्राचा सार्वजनिक परीक्षांविषयीचा कायदा २०२४ मध्ये आला व त्याचा रोख प्रामुख्याने संघटित टोळ्या आणि सेवापुरवठादार यांच्यावर आहे. नक्कलीस भाग पाडल्या गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न मात्र कायद्याच्या कलमांतून सुटणारा नाही.

गटाची ओढ

किशोरवयात नैतिक विचार कसा विकसित होतो, याचे शास्त्रीय विवेचन ज्याँ पियाजे यांच्या १९३२ च्या ग्रंथापासून सुरू होते. लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८ मध्ये १० ते १६ वर्षांच्या मुलग्यांना काल्पनिक पेच सांगून त्यांची उत्तरे तपासली आणि नैतिक विकासाचे तीन स्तर व सहा टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीत किशोरवयीन मुले बहुधा मधल्या, म्हणजे रूढीमान्य स्तरावर असतात. आपल्या माणसांनी आपल्याला चांगले म्हणावे, ही त्या स्तराची मुख्य प्रेरणा होय. कॅरॉल गिलिगन यांनी १९८२ मध्ये या सिद्धांतावर आक्षेप घेतला, तो असा की मूळ अभ्यास केवळ मुलग्यांवर आधारलेला होता आणि नात्यांची जपणूक करणारा विचार त्यात खालच्या टप्प्यावर ढकलला गेला. परीक्षेत दोन्ही नावे येतात, परंतु त्यांचा उपयोग क्वचितच केला जातो. तो असा करता येईल : 'चांगला मुलगा' होण्याची धडपड ज्या वयात सर्वांत तीव्र असते, त्याच वयात घराचा आणि गटाचा पूर्वग्रह स्वीकारणे हेही चांगुलपणाचे लक्षण ठरते. सुखीढांगच्या मुलांनी आईवडिलांची आज्ञा पाळली. त्यांच्या दृष्टीने ते वाईट वागत नव्हते.

गटाची ही ओढ किती क्षुल्लक कारणावर उभी राहू शकते, हे हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टल येथील १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत दिसले. १९७० मध्ये ते प्रसिद्ध झाले. मुलांना क्ले व कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रे दाखवून त्यांच्या पसंतीनुसार गट पाडल्याचे सांगण्यात आले; प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही इतरांना पैसे वाटून देताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. एवढेच नव्हे, तर आपल्या गटाची रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल, पण दुसऱ्या गटाशी अंतर राखले पाहिजे, असाही कल आढळला. जेथे गटाच्या मागे चित्रांची पसंती एवढेच कारण होते तेथे हे घडले. जात, धर्म, भाषा, प्रांत यांच्या मागे तर शतकांचा इतिहास असतो.

भारतातील एका प्रयोगाने या चित्राची दुसरी बाजू दाखविली. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरील भूलभुलैया सोडविण्यास दिले व अचूक उत्तरांसाठी पैसे देऊ केले. जातीचा उल्लेख नसताना उच्चवर्णीय आणि तथाकथित खालच्या जातींतील मुलांच्या कामगिरीत विशेष अंतर नव्हते. मुलांची नावे व जाती सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखविताच खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा इशारा शाळांसाठी फार स्पष्ट आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना वर्गात जातीची नावे पुकारण्याची जी सवय अनेक ठिकाणी आढळते, ती कार्यालयीन सोय म्हणून पाहिली जाते. बाकावर बसलेल्या मुलाला ती तशी वाटत नाही.

साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी तहान लागली तरी नळाला हात लावू शकत नव्हता. शिपाई असेल तरच पाणी मिळे. १९०१ मध्ये वडिलांना भेटण्यासाठी भावंडांसह कोरेगावकडे निघालेल्या या नऊ वर्षांच्या मुलाला मसूर स्थानकावर गाडीवाले मिळेनात; अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली व गाडीवान पायी चालला. डॉ. आंबेडकरांनी लिहिलेली ही हकिकत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००६ च्या सहावीच्या पाठ्यपुस्तकातून अनेक वर्षे देशभरातील मुलांनी वाचली. पाठ म्हणून ती वाचणारा आणि मधल्या सुट्टीत पंगत बदलणारा विद्यार्थी एकच असू शकतो, ही या विषयातील खरी अडचण आहे.

सहवासाने काय बदलते?

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या संपर्क-सिद्धांतानुसार भिन्न समूह केवळ एकत्र आल्याने पूर्वग्रह ओसरत नाही. त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा अथवा कायद्याचा पाठिंबा या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. गेल्या काही वर्षांत या सिद्धांताची कसोटी भारतात लागली आहे.

दिल्लीतील खासगी शाळांना काही जागा गरीब कुटुंबांतील मुलांसाठी राखण्याचे बंधन २००७ पासून लागू झाले. गौतम राव यांनी या शाळांतील संपन्न मुलांचा अभ्यास केला. रिले शर्यतीसाठी साथीदार निवडताना, विजयाचे बक्षीस ५०० रुपये असता फारच थोड्यांनी अधिक वेगवान गरीब मुलाला डावलून कमी वेगाचा श्रीमंत मुलगा निवडला. बक्षीस ५० रुपये असता मात्र जवळजवळ एक तृतीयांश मुलांनी तसे केले. पूर्वग्रहाची किंमत मोजावी लागली की तो आवरला जातो, स्वस्त असला की मोकळा सुटतो, असा याचा अर्थ. गरीब वर्गमित्र असलेल्या संपन्न मुलांमध्ये हा भेदभाव कमी होता आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती अधिक होती. त्यांच्या हिंदी व गणिताच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली. हा शेवटचा तपशील लपविण्याचे कारण नाही, कारण पालकांचा आक्षेप नेमका त्यावरच असतो.

वाराणसी जिल्ह्यातील क्रिकेटचा प्रयोग याहून बोलका आहे. मॅट लोव यांनी १४ ते ३० वर्षे वयाच्या १,२६१ तरुणांना घेऊन २०१७ मध्ये स्पर्धा भरविल्या. काही संघ एकाच जातीचे, काही संमिश्र. एकाच संघात खेळलेल्यांमध्ये आंतरजातीय मैत्री वाढली, स्वजातीयांना झुकते माप देण्याची प्रवृत्ती घटली. परंतु इतर जातींच्या मुलांविरुद्ध खेळावे लागलेल्यांमध्ये परिणाम सर्वसाधारणपणे उलट दिसला. म्हणजे मैदान एक असणे पुरेसे नाही, संघ एक असावा लागतो. सहकार्याची अट ऑलपोर्ट यांनी घातली होती ती यासाठीच.

२००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने २५ टक्के राखीव प्रवेशाची तरतूद देशभर केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती वैध ठरविली. महाराष्ट्रात शासकीय शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना या तरतुदीतून सूट देणारी अधिसूचना फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. या तरतुदीतील एक उणीव मात्र कायम आहे. तिचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत, म्हणजे नेमक्या किशोरवयाच्या मध्यावर, गरीब विद्यार्थ्याला पूर्ण शुल्क भरावे लागते किंवा शाळा सोडावी लागते. आठ वर्षे एकत्र बसलेले मित्र का विभागले जातात, याचे उत्तर त्या वेळी वर्गातील कोणालाच नीट देता येत नाही.

ईशान्येकडील विद्यार्थ्यांचा अनुभव येथे वगळता येणार नाही. चेहरेपट्टीवरून मारलेली हाक बोलणाऱ्याला गंमत वाटते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्याला अशाच टिंगलीतून उद्भवलेल्या मारहाणीनंतर प्राण गमवावे लागले. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्यातील सुधारणांबरोबरच ईशान्य भारताचा इतिहास व संस्कृती यांचा शालेय अभ्यासक्रमात समावेश करण्याचीही शिफारस केली. टिंगलीच्या वेळी बाजूला उभे राहून हसणाऱ्यांत सामील व्हायचे की नाही, हा किशोरांचा सर्वांत नित्याचा पेच म्हणता येईल. शाळा बदलली तरी तो सुटत नाही, केवळ टिंगलीचा विषय बदलतो.

हरियाणातील वर्ग

मुलगा-मुलगी भेदाबाबत हरियाणातील सोनीपत, पानिपत, रोहतक व झज्जर या जिल्ह्यांत मोठा प्रयोग झाला. ३१४ शासकीय शाळांपैकी काही निवडक शाळांत सातवी ते दहावीच्या काळात अडीच वर्षे मुलामुलींबरोबर नियमित चर्चासत्रे घेण्यात आली. घरकाम कोणी करावे, बहिणीने पुढे शिकावे की नाही, असे विषय त्यात असत. दिवा धर, तरुण जैन व सीमा जयचंद्रन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार मुलांची मते समतेच्या दिशेने सरकली, मुलगे घरकामात अधिक भाग घेऊ लागले आणि दोन वर्षांनंतरही हा परिणाम टिकून होता. मुलींच्या स्वतःच्या आकांक्षांत मात्र वाढ आढळली नाही. मुलींच्या आकांक्षा आधीच कमी नव्हत्या; अडसर होता तो घराच्या उंबरठ्यावर आणि तेथे चर्चासत्राची मात्रा चालत नाही.

प्रश्नपत्रिकेतील प्रकरण

समजा, प्रकरण-अभ्यासाच्या प्रश्नात उमेदवाराला गटशिक्षणाधिकारी मानून सुखीढांगसारखा प्रसंग दिला आहे. 'पालकांचे समुपदेशन करावे, जनजागृती करावी' हे उत्तर शेकडो उत्तरपत्रिकांत सापडते आणि ते चुकीचे नसले तरी उद्या दुपारी काय करायचे, हे त्यातून कळत नाही. मुलांनी अन्न नाकारले म्हणून नेमणूक बदलणे हा वरकरणी शांततेचा मार्ग वाटतो. परंतु त्यामुळे नकाराला अधिकृत मान्यता मिळते आणि संस्थेचा पाठिंबा ही ऑलपोर्ट यांची अट उलट्या दिशेने पूर्ण होते. मुलांवर जेवणाची सक्ती करणेही उचित नाही. अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. दोन्ही बाजूंच्या मुलांचा नकार एकसारखा मानणे ही तिसरी चूक. बाह्यतः कृती एकच आहे. पण एका नकारात माणसाची प्रतिष्ठा डावलली गेली आणि दुसऱ्यात त्या डावलण्याचा निषेध होता. तरीही शाळेच्या दृष्टीने दुसराही नकार लांबू देता येत नाही, कारण उपाशी राहतात ती मुलेच, आणि आठवडाभरात निषेधाची सवय होऊन पंगती कायमच्या दोन होऊ शकतात.

अधिकाऱ्याने प्रथम भोजनमातेला कामावर कायम ठेवावे, प्रक्रियेतील त्रुटी असल्यास ती स्वयंपाकाचे काम न थांबविता दुरुस्त करावी, शिक्षकांनी त्याच पंगतीत बसून जेवावे आणि जेवण वाढण्याचे काम सर्व जातींच्या मुलांच्या संमिश्र गटांकडे पाळीने द्यावे. घरच्या आज्ञेमुळे न जेवणाऱ्या मुलाला वर्गात उभे करून जाब विचारला जाऊ नये. त्याच्या पालकांशी बोलणे हे मुख्याध्यापकांचे काम आहे, मुलाचे नाही. या भूमिकेला आधारही आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या आणि २०२१ पासून पीएम-पोषण या नावाने चालणाऱ्या या योजनेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य देण्यास सांगितले आहे.